जुन्या गाडीला रिमोट सेंट्रल लॉकिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे २००६ सालची मारुती अल्टो आहे. तिची चारही दारे हाताने बंद करावी लागतात. बाजारात मिळणारे रिमोट सेंट्रल लॉकिंगचे किट घरच्या घरी बसवता येईल का? घरातील वायरिंगची किरकोळ कामे मी करतो, परंतु गाडीचे दार कधी उघडून पाहिलेले नाही. – एक वाचक, सांगली

उत्तर : बसवता येईल. फ्यूज, अर्थिंग आणि मल्टिमीटर या गोष्टी ज्यांना परक्या नाहीत, त्यांनी हे काम अवश्य करावे. फक्त घाई करू नये आणि दोन सुट्टीचे दिवस मोकळे ठेवावेत. मात्र सुरुवातीलाच एक अट स्वतःला घालून घ्यावी. बॅटरी पूर्ण उतरलेली असली तरी प्रत्येक दार आतून हाताने, आणि किल्लीचे छिद्र असलेले दार बाहेरून किल्लीने, पूर्वीप्रमाणेच न अडखळता उघडले पाहिजे. ही अट जेथे मोडते तेथे काम बिघडले आहे असेच समजावे, मग रिमोटने दारे कितीही झोकात बंद होत असोत.

किटमध्ये साधारणपणे एक कंट्रोल युनिट, चार छोट्या मोटारी, दोन रिमोट, वायरिंगचा जुडगा, लोखंडी दांड्या, पट्ट्या आणि स्क्रू असतात. मोटारींना ॲक्च्युएटर म्हणतात, पण गॅरेजमध्ये ‘मोटर’ याच नावाने मागाव्यात. त्यांपैकी चालकाच्या दाराची मोटार पाच वायरींची असते. दोन वायरी तिला चालवतात, तर उरलेल्या तीन तिच्या आतल्या स्विचच्या असतात. आपण किल्लीने किंवा आतल्या खटक्याने चालकाचे दार बंद केले, की हा स्विच कंट्रोल युनिटला खबर देतो आणि बाकीची दारे त्यामागोमाग बंद होतात. इतर दारांच्या मोटारींना दोनच वायरी असतात. काही किटांत पुढच्या दोन्ही दारांना पाच वायरींच्या मोटारी मिळतात, आणि शक्य असल्यास तेच किट घ्यावे.

मोटारीला हात लावण्याआधी कुलपांकडे पाहावे, कारण निम्मे अपयश तेथेच दडलेले असते. इतक्या वर्षांत लॉकमधले ग्रीस सुकून त्यात धूळ बसलेली असते आणि खटका हलवताना अंगठ्याला जोर द्यावा लागतो. ही छोटी मोटार अर्ध्या-पाऊण सेकंदाच्या एका झटक्यात आपले काम उरकते. जो खटका एका बोटाने हलत नाही, तो तिलाही हलणार नाही. म्हणून लॉकची यंत्रणा साफ करून तिला पांढरे लिथियम ग्रीस लावावे, किल्लीच्या छिद्रात ग्रॅफाइटची पूड सोडावी, आणि चारही खटके सैल झाल्याची खात्री पटल्यावरच पुढे जावे.

दाराचे पॅड, म्हणजे आतल्या बाजूचे आवरण, काढताना अडते ते काच फिरवायच्या हँडलपाशी. हँडलच्या मागे घोड्याच्या नालेसारखी एक बारीक तारेची क्लिप असते आणि ती बाहेरून दिसत नाही. सुती कापडाची एक पट्टी हँडल आणि पॅड यांच्या मधल्या फटीत घालावी, दोन्ही टोके धरून ती ताणून डावी-उजवीकडे घासावी. कापडाची कड क्लिपच्या टोकांत अडकते आणि क्लिप टणकन उडते. दुसरा हात किंवा एखादा टॉवेल आडवा धरला म्हणजे ती हरवत नाही आणि डोळ्यालाही लागत नाही. मग हात धरायच्या कड्याचे आणि आतल्या हँडलच्या चौकटीचे स्क्रू काढून, पॅडच्या कडेने प्लास्टिकच्या पट्टीने हलकेच उचकत गेले की त्यामागच्या प्लास्टिकच्या क्लिपा एकेक करून सुटतात. चार-सहा क्लिपा तुटतीलच असे धरून नव्या आधीच आणून ठेवाव्यात.

यानंतर येतो तो या कामाचा खरा गाभा, आणि येथे वेळेची काटकसर करू नये. पत्र्यातल्या मोकळ्या जागेतून आत पाहिले की खटक्यापासून लॉककडे जाणारी बारीक लोखंडी दांडी दिसते. मोटारीची दांडी या दांडीशी समांतर आणि शक्य तितकी जवळ चालली पाहिजे, म्हणजे दोन स्क्रूंच्या छोट्या क्लॅम्पने दोन्ही जोडता येतात. मोटारीची दांडी साधारण १८ ते २० मिलिमीटर सरकते, तर लॉकच्या दांडीची चाल बहुधा त्याहून थोडी कमी असते. त्यामुळे लॉकची दांडी आपल्या चालीच्या मध्यावर आणि मोटारही आपल्या मध्यावर धरून क्लॅम्प आवळावा, जेणेकरून दोन्ही टोकांना थोडी सूट राहील आणि लॉक ना अर्धवट लागेल ना अडकून बसेल. जोडणी तिरकी झाली तर मोटार जोर लावते पण तो वाया जातो, आणि काही महिन्यांत तिच्या आतले प्लास्टिकचे दाते झिजतात. जोडणीनंतर खटका हाताने हलवून पाहावा. तो किंचित जड लागणे स्वाभाविक आहे; अडखळणे मात्र चालणार नाही.

भोक पाडण्यापूर्वी मोटार जागेवर हाताने धरून काच पूर्ण खाली आणि पूर्ण वर करून पाहावी, कारण खाली उतरणारी काच याच पोकळीत येते. प्रत्यक्ष ड्रिल करताना मात्र काच पूर्ण वर असावी आणि ड्रिलच्या बिटला टोकापासून सुमारे एक सेंटिमीटरवर टेप गुंडाळावी, म्हणजे बिट जास्त आत घुसणार नाही. पाडलेल्या प्रत्येक भोकाची कड कानशीने घासून तिला रेड ऑक्साइड हा गंजरोधक रंग लावावा.

वायरिंग सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडवावे. कंट्रोल युनिटचा पुरवठा इग्निशनवरून न घेता थेट बॅटरीवरून घ्यावा, कारण किल्ली काढल्यानंतरच तर या यंत्रणेची गरज भासते. किटसोबतच्या पत्रकात दिलेल्या क्षमतेचा, म्हणजे बहुधा १० किंवा १५ अँपियरचा, फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच असावा. फ्यूज युनिटजवळ लावण्याची पद्धत सर्रास दिसते आणि ती धोक्याची आहे, कारण तसे केल्यास बॅटरीपासून फ्यूजपर्यंतच्या लांब वायरीला कोणतेच संरक्षण उरत नाही. ती पत्र्याला घासून उघडी पडली तर सरळ पेट घेऊ शकते. अर्थची वायर रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर बोल्टने घट्ट आवळावी. वायरींचे रंग किटागणिक बदलतात, म्हणून पत्रक समोर ठेवूनच जोडणी करावी. सगळी दारे बंद होताना एखादेच दार उघडत असेल, तर त्या मोटारीच्या दोन वायरींची अदलाबदल करावी, एवढेच. आणि मोटार तपासण्यासाठी तिला बॅटरीची वायर क्षणभरच टेकवावी. सतत वीज दिली तर ती जळते.

आपल्या गाडीत एअरबॅग नसतील, तर वरील सर्व काम निर्धास्त करावे. ज्यांच्या गाडीत त्या आहेत, त्यांनी पिवळ्या वेष्टनाच्या वायरींना आणि पिवळ्या कनेक्टरांना अजिबात हात लावू नये, आणि दारात किंवा खांबात, म्हणजे दाराशेजारच्या गाडीच्या उभ्या भागात, तशी वायर दिसली तर ते काम जाणकाराकडे सोपवावे.

प्रश्न : आमच्याकडे पाऊस फार. दारात मोटार बसवल्यावर ती पाण्याने खराब होणार नाही का? ओळखीच्या एका गाडीत हे काम केल्यापासून पायाशी पाणी साचते. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : दारात पाणी शिरतेच, आणि ते शिरावे अशीच दाराची रचना असते. काचेवरून ओघळलेले पाणी रबराच्या पट्टीमधून आत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या छिद्रांवाटे बाहेर पडते. पॅडच्या मागे पत्र्याला चिकटवलेला प्लास्टिकचा कागद हे पाणी आतल्या बाजूला येऊ देत नाही. मोटार बसवणारे पुष्कळदा हा कागद फाडून फेकून देतात. मग पाणी पॅडमध्ये मुरते, पॅड फुगते आणि उरलेले पाणी पायाशी येते. आपल्या ओळखीच्या गाडीत बहुधा हेच झाले असावे. कागद फाटला असल्यास जाड प्लास्टिक त्याच मापाने कापून लावावे. ते वरच्या आणि दोन्ही बाजूंच्या कडांनी ब्यूटाइल टेपने (चिकट रबरी पट्टीने) चिकटवावे आणि त्याची खालची कड पत्र्याच्या फटीतून दाराच्या आत सोडावी, म्हणजे त्यावर आलेले पाणी पुन्हा दारातच पडेल. तळाची छिद्रे चिखलाने बुजली असतील तर तारेने मोकळी करावीत.

मोटार बसवताना वायर निघते ती बाजू खाली राहील असे पाहावे आणि वायरीला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे थेंब झोळाच्या तळाशी गळून पडतात, जोडापर्यंत जात नाहीत. दारातून खांबात जाणाऱ्या वायरीचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. दार उघडताना ही वायर दर वेळी वाकते. दाराचे भोक आणि खांबाचे भोक एकमेकांसमोर न घेता थोडे वर-खाली घ्यावे, दोन्हींत रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेपासून वायर वाचवणाऱ्या कड्या) बसवावेत, वायरीवर लवचीक रबरी नळी चढवावी आणि दार पूर्ण उघडे ठेवून वायरीची लांबी ठरवावी. वळणाच्या भागात जोड अजिबात नको. आपल्या भागात उघडा राहिलेला पत्रा एका पावसाळ्यात गंजतो, म्हणून भोकांना रंग लावल्याशिवाय ग्रोमेट बसवू नयेत.

प्रश्न : स्वस्त किटच्या रिमोटची नक्कल करून कोणी गाडी उघडू शकते का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : होय, काही किटांच्या बाबतीत ते शक्य आहे. आपल्याकडचे असे बहुतेक रिमोट ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. स्वस्त रिमोट दर वेळी एकच ठरावीक कोड पाठवतो. जवळपास कोणी तो टिपून पुन्हा प्रक्षेपित केला, तर युनिटला फरक कळत नाही. रोलिंग कोडच्या रिमोटमध्ये प्रत्येक दाबाला कोड बदलतो आणि एकदा वापरलेला कोड युनिट पुन्हा स्वीकारत नाही. किट घेताना पाकिटावर रोलिंग कोडचा उल्लेख आहे का हे पाहावे आणि किमतीतील थोडा फरक सोसावा. रिमोटने उघडणारे दार म्हणजे चोरीविरोधी यंत्रणा नव्हे, हेही ध्यानात असू द्यावे. रस्त्यावर गाडी उभी करणाऱ्यांनी स्टिअरिंगचे किंवा गिअरचे कुलूप चालूच ठेवावे.

प्रश्न : गाडी महिना-महिना उभी असते. या किटमुळे बॅटरी उतरेल का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : हिशोब करून पाहू. कंट्रोल युनिट रिमोटची वाट पाहत सतत जागे असते. ते १० मिलिअँपियर ओढत असेल, तर ३० दिवसांत ७.२ अँपियर-तास खर्च होतात, म्हणजे ३५ अँपियर-तासांच्या छोट्या बॅटरीचा सुमारे पाचवा हिस्सा. नवी बॅटरी हे सोसते, थकलेली सोसत नाही. किट बसवल्यानंतर सर्व दिवे बंद करून, निगेटिव्ह टर्मिनल आणि त्याची वायर यांच्यामध्ये मल्टिमीटर १० अँपियरच्या पट्ट्यावर लावून प्रवाह मोजावा. मीटर लावलेला असताना गाडी सुरू करू नये. संपूर्ण गाडीचा मिळून प्रवाह ५० मिलिअँपियरच्या वर जात असेल तर दोष शोधावा. दीर्घकाळ बाहेरगावी जाताना निगेटिव्ह टर्मिनल सोडवून ठेवावे आणि चालकाचे दार किल्लीने बंद करावे.

प्रश्न : दोन नातवंडे मागे बसतात. आत अडकून पडण्याची भीती वाटते म्हणून घरच्यांचा या कामाला विरोध आहे. त्यांना काय सांगू? – एक वाचक, फोंडा, गोवा

उत्तर : त्यांची भीती रास्त आहे आणि ती तपासणीनेच दूर करावी. गाडीसोबत कारखान्यातून आलेल्या काही यंत्रणा अपघात होताच दारांची कुलपे आपोआप उघडतात. आपण बसवत असलेल्या साध्या किटमध्ये ती सोय नसते. त्यामुळे हाताने दार उघडण्याची वाट मोकळी असणे हाच येथे जिवाचा आधार आहे. काम झाल्यावर चालकाची काच खाली घेऊन सर्व दारे रिमोटने बंद करावीत, मग बॅटरीचे टर्मिनल सोडवावे आणि प्रत्येक आसनावर बसून ते-ते दार आतून उघडून पाहावे. मागच्या दारांच्या कडेला असलेला चाइल्ड लॉकचा खटका लावलेला असेल तर ते दार आतून उघडणारच नाही, आणि त्याचा या किटशी संबंध नाही. तो लावायचा की नाही हे घरात विचाराने ठरवावे. मुलांना आतला खटका कोठे आहे आणि तो कसा ओढायचा हे दाखवून ठेवावे.

दुसरी गोष्ट आपोआप बंद होण्याची. रिमोटने दारांची कुलपे उघडल्यावर सुमारे अर्ध्या मिनिटात कोणी दार उघडले नाही, तर पुष्कळ युनिटे ती पुन्हा बंद करतात. दार उघडले की नाही हे युनिटला खांबावरच्या दिव्याच्या स्विचकडून कळते. ही एक वायर जोडायची राहिली, तर आपण दार उघडून मुलाला आसनावर बसवले, किल्ली तेथेच ठेवली आणि दार लावून डिक्कीकडे गेलो, तेवढ्यात गाडी बंद होऊ शकते. उन्हात उभ्या गाडीतील हवा दहाच मिनिटांत सुमारे १० अंशांनी तापते. म्हणून ही वायर जोडल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये, किंवा युनिटमध्ये सोय असल्यास ही सुविधाच बंद करावी, आणि दुसरी किल्ली नेहमी गाडीबाहेर कोणाजवळ तरी असू द्यावी.

प्रश्न : विमा किंवा आरटीओची काही अडचण येईल का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेली कोणतीही बाब या कामाने बदलत नाही. विमा कंपनीला मात्र लेखी कळवावे आणि पावती जपून ठेवावी. बाहेरून बसवलेल्या विद्युत उपकरणांसाठी पॉलिसीत वेगळी तरतूद जोडून घेता येते. चोरीविरोधी उपकरणावर हप्त्यात मिळणारी सवलत पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने मान्य केलेल्या उपकरणांसाठी असते, साध्या सेंट्रल लॉकिंगसाठी ती गृहीत धरू नये.

प्रश्न : मारुती ओम्नीच्या सरकत्या दाराला मोटार बसवता येते का? – एक वाचक, बारामती

उत्तर : मोटार बसते, अडचण वायरीची आहे. बिजागरीच्या दारात वायर नुसती वाकते. सरकते दार मात्र पुरते मागे जात असल्यामुळे तिला तेथपर्यंत पोहोचवणे अवघड होते. यासाठी दाराच्या कडेला तांब्याच्या पट्ट्या आणि समोर खांबावर स्प्रिंगच्या पिना असा जोड वापरतात. दार पूर्ण लागले की पिना पट्ट्यांना टेकतात आणि तेव्हाच मोटारीला वीज मिळते. पिनांवर धूळ किंवा ओल बसली की संपर्क तुटतो, म्हणून त्या महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसाव्या लागतात. हा जोड चांगल्या प्रतीचा मिळाला नाही, तर पुढच्या दोन दारांनाच मोटारी बसवाव्यात, सरकती दारे आणि मागचे दार पूर्वीप्रमाणे हाताने लावावीत, आणि रिमोट दाबल्यावर ती सर्व ओढून पाहिल्याशिवाय गाडीपासून दूर जाऊ नये.