काका, मेंटर कुठं मिळतो?

यावेळी आलेली पत्रं चाळली तर निम्म्यांत एकच शब्द, मेंटर, म्हणजे धंद्यात वाट दाखवणारा जाणता माणूस. मग जीएसटी आणि कर्जाचे प्रश्न पुढच्या अंकाला ढकलले आणि ही चार पत्रं एकत्र घेतली. नावं कुणाचीच छापत नाही, सांगली-साताऱ्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, उगाच कुणाच्या धंद्याला बाधा नको.

प्रश्न: काका नमस्कार, मी मिरजेची. घरगुती हळद पावडर, मिरची पूड आणि कांदा-लसूण चटणी करते, आता छोटा पल्वरायझर, म्हणजे दळायचं मशीन, घेतलाय आणि दोन बायका कामाला आहेत. माल जातोय पण हातात काय राहतं तेच कळत नाही. घरात धंद्यातलं कुणीच नाही, सासरे एसटीत होते, मिस्टर शाळेत. सगळे म्हणतात एखादा मेंटर धर. एका मोठ्या मसालेवाल्यांना फोन करून म्हटलं मला मार्गदर्शन करा, तर म्हणाले या की कधीतरी. परत केला तर परत तेच. किर्लोस्करांना औंधचे राजे भेटले, आम्हाला कोण भेटणार?

उत्तर: ताई, राजांचं आधी घेतो. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळच्या माळावर जागा दिली हे खरंच आहे, पण त्याच्या आधी लक्ष्मणरावांनी बेळगावात कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर करून विकायला काढलेला होता, म्हणजे काहीतरी हातात घेऊन माणूस उभा होता म्हणून राजांना पण कळलं की ह्याला नक्की कशाची गरज आहे. तुमच्याकडं पण दाखवायला माल आहे, गिऱ्हाईक आहे, मशीन आहे, आणि तुम्ही फोनवर त्यातलं काहीच सांगितलं नाहीत, नुसतं मार्गदर्शन करा म्हणालात. आता समोरच्यानं काय करायचं? त्याला वाटतं ही बाई आयुष्यभराचं काम गळ्यात टाकतीय, म्हणून तो या कधीतरी म्हणतो. त्यात तो मसालेवालाच, उद्या तुमचा पुडा त्याच्या पुड्याच्या शेजारी लागणार, मग तो मनापासून सांगेल तरी का.

तुमचा खरा प्रश्न तुम्हीच लिहिलाय, हातात काय राहतं ते कळत नाही. तो घेऊन जा. पण जायच्या आधी एका वहीत एका पुड्याचा हिशोब मांडा, जमेल तसा, चुकला तरी चालेल. समजा हळकुंड १५० रुपये किलोनं घेतलं आणि निवडून, दळून, चाळून शंभर किलोची पंच्याण्णव किलो पावडर निघाली तर तुमची पावडर १५० ला पडली नाही, १५८ ला पडली, आणि ही घट बहुतेक घरगुती धंद्यात कुणी धरतच नाही. मग पुडी, लेबल, लाईट, दोन बायकांचा पगार, गाडीभाडं, दुकानदाराचं मार्जिन, परत आलेला माल, आणि हो, तुमची स्वतःची मजुरी. ती पण लिहायची. बायका लिहीत नाहीत आणि मग म्हणतात धंदा फायद्यात आहे.

हे झालं की मेसेज साधा पाठवा. असा काहीतरी: नमस्कार दादा, मी मिरजेत मसाले करते, महिन्याला इतके किलो जातात, दुकानदार इतकं मार्जिन आणि महिनाभर उधारी मागतात, माझा खर्च असा असा बसतो, एवढ्या मार्जिनवर दुकानात माल द्यावा का थेट घरोघरी विकावा एवढंच विचारायचं आहे, वीस मिनिटं वेळ द्याल का, तुमच्या सोयीनं दुकानावर येते. बघा, ह्याला नाही म्हणणं अवघड आहे, कारण ज्यानं धंदा केलाय त्याला उत्तर माहीत असतं आणि माहीत असलेलं सांगायला माणसाला आवडतं, आपल्याकडं तर जरा जास्तच.

आता कुणाला पाठवायचा. फार मोठ्याकडं नको. ज्याची गाडी तुमच्यापेक्षा चार-पाच वर्षं पुढं आहे आणि जो त्याच दुकानांत माल देतो पण मसाला विकत नाही असा बघा, इस्लामपूरचा पापडवाला, जयसिंगपूरची शेवयावाली, कराडचा बेकरीवाला. दुकानदार कसा घासाघीस करतो, कोण पैसे बुडवतो, परत आलेल्या पुड्यांचं काय करायचं हे त्याला काल-परवा भोगून कळलेलं असतं. कोटीवाल्याला ते आता आठवत पण नाही.

हळदीचं ज्ञान पाहिजे असेल तर मार्केट यार्डातला जुना अडत्या गाठा. सौद्यात हळकुंड मोडून, वास घेऊन तो ओल सांगतो, राजापुरी कुठली, सेलम कुठली, कुठली नुसती पॉलिशनं चमकतीय, हरिपूरच्या पेवात, म्हणजे जमिनीखालच्या कोठारात, ठेवलेली हळद कशी टिकायची, सगळं त्याच्याकडं आहे. आपल्या सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे त्या त्या भागाच्या मालाची सरकारी ओळख, मिळालं, त्याचा लेबलवर उपयोग करायचा तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते ही गोष्ट पण विचारून घ्या. फक्त एक ध्यानात ठेवा की अडत्या माल खपवणारा आहे. मालाची पारख त्याच्याकडून शिका, किती माल भरून ठेवायचा ते मात्र त्याला विचारू नका.

फुकट मदत सरकारी पण आहे आणि लोक जात नाहीत. विश्रामबागला उद्योग भवनात जिल्हा उद्योग केंद्र आहे तिथं जाऊन या. खाद्यपदार्थांच्या छोट्या युनिटसाठी २०२० मध्ये पीएमएफएमई योजना आली, त्यात कर्जाला जोडून ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सबसिडी, आणि प्रोजेक्ट रिपोर्टपासून बँकेपर्यंत हात धरून न्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन सरकार देतं, तुम्ही नाही, तेव्हा मध्ये कुणी एजंट फाईलचे पैसे मागायला लागला तर सरळ उठून या. अर्जाच्या आधी सध्याची मुदत मात्र कृषी कार्यालयात विचारून घ्या. लीड बँकेची आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, पण बघा, तिथं ट्रेनिंग फुकट असतं आणि नंतर दोन वर्षं तुमचं काय चाललंय याची विचारपूस करायची त्यांची पद्धत आहे.

आणि भेट झाली की पुढचं काम तुमचं. काय ठरलं ते घरी येऊन चार ओळीत त्यांना पाठवा, महिन्यानं काय झालं ते कळवा. त्यांचं ऐकलं नसेल तरी कळवा, का नाही ऐकलं ते पण लिहा. बहुतेक लोक सल्ला घेऊन गायब होतात आणि पुढची अडचण आली की उगवतात. जो परत येऊन सांगतो त्याच्यासाठी माणूस आपोआप वेळ काढतो, मग मेंटर व्हाल का असं विचारायची वेळच येत नाही.

प्रश्न: काका, साताऱ्याच्या एमआयडीसीत माझं जॉबवर्कचं छोटं शॉप आहे, दोन सीएनसी मशिनं. माझे आधीच्या नोकरीतले साहेब रिटायर झालेत, तेच माझे मेंटर. ते आयुष्यभर परचेसमध्ये, म्हणजे कंपनीच्या खरेदी खात्यात, होते. माझा सत्तर टक्के माल एकाच कंपनीला जातो आणि पेमेंट चार-चार महिने येत नाही. मी म्हणतो ४५ दिवसांचा कायदा दाखवू, साहेब म्हणतात गप बस, गिऱ्हाईक जाईल. साहेबांचं ऐकायचं का?

उत्तर: भाऊ, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू सहज लिहून गेलास. साहेब परचेसमध्ये होते. म्हणजे सगळी नोकरी त्यांनी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला काढली, पैसे थांबवणाऱ्या बाजूला, आणि सप्लायरनं कायदा काढला की तिकडं कपाळाला कशा आठ्या पडतात ते त्यांनी बघितलंय. त्यांची भीती खोटी नाही. पण ती तुझ्या बाजूची नाही.

कायदा असा आहे. छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणं लेखी करार असेल तरी ४५ दिवसांच्या वर मुदत धरता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस, आणि उशीर झाला की रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. माल देण्याच्या आधीपासून तुझी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, पाहिजे, ती नसेल तर आजच कर, फुकट आहे. त्याशिवाय २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून इन्कम टॅक्समध्ये एक नियम आलाय, तेव्हा तो कलम ४३बी(एच) म्हणून आला. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, प्रत्यक्ष देईल त्या वर्षी मिळतो. यामुळं मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले स्वतःच विचारतात, तुमचं उद्यम सर्टिफिकेट पाठवा म्हणून.

तेव्हा थकलेल्या पेमेंटसाठीच्या सरकारी पोर्टलवर तक्रार हे शेवटचं हत्यार, ते आज काढू नको. आज बिलाच्या खाली उद्यम नंबर छाप, मुदत छाप, आणि सर्टिफिकेटची कॉपी परचेसला नको, अकाउंट्सला दे. यात भांडण नाही काही.

आणि साहेबांना प्रश्न बदलून विचार. पैसे मागू का असं विचारलंस की ते नाहीच म्हणणार. असं विचार की साहेब, तुमच्याकडं सप्लायरचं बिल कुणाकुणाच्या टेबलावरून जायचं, कुठं अडायचं, पेमेंट रन महिन्याच्या कुठल्या तारखेला असायचा, कुणाचं बिल तुम्ही आधी सोडायचा आणि का. हे तुला कुठला सीए सांगू शकत नाही आणि साहेबांना झोपेत विचारलं तरी येतं. कितीतरी बिलं जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, झाला नाही नाहीतर क्वालिटीची सही राहिली म्हणून पडून असतात, पैसे नाहीत म्हणून नव्हे. दुसरा प्रश्न, हे सत्तर टक्के पन्नासवर आणायला तुमच्या ओळखीत कुणाचा परचेसवाला आहे का, शिरवळला, कराडला, कुपवाडला कुठंही. गिऱ्हाईक जाईल ही भीती दुसरं गिऱ्हाईक आल्यावरच कमी होते, साहेबांची पण आणि तुझी पण.

प्रश्न: विट्याहून लिहितोय. एका बिझनेस कोचचा हॉटेलात फ्री सेमिनार होता, शेवटी वर्षाचा कोर्स साठ हजार, आजच भरले तर चाळीस. ईएमआय पण आहे. माझं कापडाचं दुकान आहे. घेऊ का?

उत्तर: नको. आजच भरले तर स्वस्त असं म्हणणाऱ्याकडून तू स्वतः दुकानात कधी माल उचलतोस का? पैसे देऊन शिकण्यात वाईट काही नाही, स्टॉकचा हिशोब बसवून देणाऱ्याला, दुकानाचं सॉफ्टवेअर लावून शिकवणाऱ्याला खुशाल पैसे दे. पण आधी त्यानं स्वतः कुठला धंदा चालवलाय ते विचार, आणि त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी स्टेजवर न आलेल्या दोघांशी बोल. चाळीस हजारांत दिवाळीच्या आधी किती माल भरता येतो ते तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

प्रश्न: काका, मी कोरेगावची, बेकरी आहे. साताऱ्यातले एक काका मला गेली दोन वर्षं हिशोब शिकवतात, एक रुपया घेत नाहीत. मला अवघडल्यासारखं होतं, दरवेळी कंदी पेढे नेते. अजून काय करावं? मिस्टर म्हणतात त्यांना दहा टक्के भागीदारी देऊन टाक.

उत्तर: पेढे न्या की, फक्त काकांना शुगर आहे का ते काकूंना हळूच विचारा. भागीदारी अजिबात नको, त्यांनी मागितलेली नाही आणि दिलीत तर उद्यापासून ते तुमचा हिशोब बघणार नाहीत, स्वतःचा वाटा बघतील. कधी पैसे घालून खरंच भागीदार व्हायचं म्हणाले तर तो वेगळा विषय, तेव्हा वकिलाकडून कागद करा, कोण किती घालणार आणि बाहेर पडायचं तर कसं हे त्यात लिहा. त्यांचा मान ठेवायचा तर वेळ ठरवून जा, वही भरून न्या, आणि त्यांच्या नावावर मैद्याच्या होलसेलरकडं उधारी मागू नका. त्यांना कुणी नवीन पोरगं शिकायला आलेलं असेल तर त्याला तुमच्या बेकरीत चार दिवस येऊन बघू द्या, काकांना ते पेढ्यांपेक्षा जास्त आवडेल असं मला वाटतं.