‘क्रॉल’ची ब्लू-रे घ्यावी का, की मोबाईलवर पाहिला तरी चालेल?

आवाजासाठी तरी ब्लू-रे घ्याच. २०१९चा हा सिनेमा, दिग्दर्शक अलेक्सांद्र आजा. फ्लोरिडात चक्रीवादळ येतंय, घराखालच्या जेमतेम रांगण्याएवढ्या जागेत बाप जखमी होऊन पडलाय, त्याला शोधायला गेलेली पोहणारी मुलगी तिथेच अडकते, आणि पाण्याबरोबर मगरी आत शिरतात. मगर म्हणजे खरं तर अ‍ॅलिगेटर, रुंद जबड्याची.

निम्मी भीती कानांतून येते. मुलगी चिखलात पालथी पडून पाइपांच्या आडोशाला सरकते, मगर तिथवर पोहोचत नाही, पण पाणी इंचाइंचाने चढत असतं. तो डुबुकडुबुक आवाज मोबाईलवर पार हरवतो. निदान हेडफोन तरी लावा.

डिस्क त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आली. तिच्यात वगळलेले प्रसंग आहेत, आणि कधी चित्रितच न झालेली एक वेगळी सुरुवात कॉमिकच्या रूपात आहे. मला सगळ्यात आवडला तो ‘मेकिंग’चा भाग: हा सगळा फ्लोरिडा सर्बियात, बेलग्रेडला, पाण्याच्या टाक्यांमध्ये सेट लावून उभा केलाय! आधी सिनेमा बघा, मग हे.

लांबी दीड तासाहूनही कमी. रात्री दिवे मालवून एका बैठकीत बघा, मध्ये थांबवू नका.