‘जीवनयात्रा संपवली’, ‘आत्महत्या केली’ आणि संथारा

प्रश्न असा आहे की ‘आत्महत्या’ या शब्दात ‘हत्या’ येते म्हणून तो टाळून ‘जीवनयात्रा संपवली’ लिहावं का, आणि जैनांचा संथारा, म्हणजे अन्नपाणी सोडून मरणाला सामोरं जायचं व्रत, पण आत्महत्याच समजायची का.

आधी ते ‘जीवनयात्रा संपवली’ बंद करा प्लीज. कर्जानं पिचलेला शेतकरी असो की नापास झालेला पोरगा, पेपरात सगळ्यांचं हेच. यात्रा माणूस मनापासून ठरवून करतो आणि ती पूर्ण होते, इथे माणूस मधेच तुटलाय, आणि कशानं तुटला ते या गोड शब्दाखाली झाकलं जातं.

‘हत्या’बद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. संस्कृतवाले सांगतात की हन् म्हणजे नुसतं मारणं, त्यात पापबिप काही नाही. अहो, मराठी माणूस धातू ऐकत नाही, तो ब्रह्महत्या, गोहत्या, भ्रूणहत्या ऐकतो, आणि त्या रांगेत आत्महत्या बसली की गेलेला माणूसच आरोपी होतो. कायदाही तसाच होता, आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणारं दंडसंहितेचं कलम 309. मुंबई हायकोर्टानं ते 1986 ला घटनाबाह्य ठरवलं, सुप्रीम कोर्टानं 1994 ला तेच केलं आणि 1996 ला परत फिरवलं. मग 2017 चा मानसिक आरोग्य कायदा आला, त्यानं असा माणूस तीव्र तणावाखाली होता असं गृहीत धरायला सांगितलं, आणि 1 जुलै 2024 पासून दंडसंहितेच्या जागी लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुनं कलम नाहीच. तरी कॅज्युअल्टीत नातेवाईक अजून ‘चुकून झालं डॉक्टर’ म्हणतात, पोलीस केस होईल, बहिणीचं लग्न अडेल ही भीती. आणि मग पेशंट सायकियाट्रिस्टपर्यंत पोचतच नाही. (14416 हा टेली मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, घरात कुणाबद्दल शंका आली तरी लावा.)

आता संथारा. ‘संथ’शी याचा काहीएक संबंध नाही! मूळ संस्कृत संस्तार, प्राकृतात संथार, म्हणजे पसरलेलं गवताचं अंथरूण. आणि आपलं अंथरूण कुठून आलं? आस्तरण. पथारी? प्रस्तार. सगळीकडे तोच स्तृ धातू, पसरणे. म्हणजे पुण्यात फुटपाथवर माल मांडून बसणारा पथारीवाला आणि संथारा घेतलेल्या आजी एकाच धातूच्या गोतातले, मला तर हे कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचेना. शब्दात मारणं नाही, मरण नाही, आहे फक्त शेवटची पथारी. आणि म्हणूनच राजस्थान हायकोर्टानं ऑगस्ट 2015 मध्ये संथाऱ्याला 309 मध्ये बसवलं ते मला अजिबात पटत नाही, त्याच महिन्यात सुप्रीम कोर्टानं त्याला स्थगिती दिली ते बरंच झालं. संथारा गुरूची परवानगी घेऊन, घरच्यांना सांगून घेतात, आणि इकडे माणूस एकटा पडलेला असतो, कुणाला काही बोललेला नसतो. व्रत पटो न पटो, दोन्हीला एकच शब्द लावला की दोन्ही कळत नाहीत.

हां, लिहायचं काय ते राहिलंच. गावाकडे ‘जीव दिला’ म्हणतात, त्यात पाप नाही, गुन्हा नाही, सजावट नाही. बातमीतही तेच लिहा, आणि कसा दिला ते लिहू नका.