शिकागोत दुकान काढताना कुणाला चारावं लागतं का?

तू विचारलंयस की बायकोसोबत शिकागोला येतोय, घर घ्यायचंय, फराळाचं छोटं दुकान टाकायचंय, आणि तिथले नेते सारखे जेलात जातात म्हणे, तर पुण्यासारखं टेबलाखालून द्यावं लागतं का.

नाही लागत. मी 17 वर्षं इथे आहे, बेसमेंटचं परमिट, इन्स्पेक्शनं, सगळं झालं, वरचा एक डॉलर कुणाला दिला नाही. एकदा एक मध्यस्थ भेटलेला, वॉर्डात आपली ओळख आहे, थोडे पैसे सोड, महिन्याचं काम आठवड्यात करतो म्हणाला, मी गप्प बसलो आणि परमिट महिन्याने आलं, एवढंच. पूर्वी असं नव्हतं हं. 1977 मध्ये इथल्या सन-टाइम्स पेपरवाल्यांनी मिराज नावाचा चक्क एक बार विकत घेऊन चालवला आणि तपासणीला येणारे कसे पाकिटं घेतात ते पुढच्या वर्षी छापलं.

आता खाणं वरच्या मजल्यावर गेलंय. शहराचे 50 वॉर्ड, प्रत्येकाचा एक ऑल्डरमन, म्हणजे आपला नगरसेवकच. 14व्या वॉर्डातला एड बर्क 1969 पासून 2023 पर्यंत, 54 वर्षं खुर्चीत. त्याच्या वॉर्डातल्या बर्गर किंगला डागडुजी करायची होती, ह्याने परमिटमध्ये खोडा घातला, आणि मागितलं काय तर पाकीट नाही, तुमच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या अपीलचं काम माझ्या वकिली फर्मला द्या! लाच पण रीतसर बिल फाडून. 2023 च्या डिसेंबरात 14 पैकी 13 आरोपांत दोषी ठरला, 2 वर्षांची शिक्षा झाली.

ह्यातलं तुझ्या कामाचं म्हणजे प्रॉपर्टी टॅक्स. कुक काउंटीत (शिकागो ह्याच जिल्ह्यात येतं) दर 3 वर्षांनी घराची किंमत नव्याने ठरते, जास्त लावली वाटली तर अपील करता येतं, असेसरकडे, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ते फुकट आहे, स्वतः ऑनलाइन भर. वकील वाचलेल्या पैशात वाटा घेतात, मोठ्या बिल्डिंगवाल्यांचं ठीक आहे, तुला कशाला हवेत.

ही देवाणघेवाणीची सिस्टीम जुनी. मेयर थोरल्या डेलीच्या काळात (1955 ते 1976) पक्षाचा गल्लीतला कॅप्टन मतं आणायचा, बदल्यात शहराची नोकरी मिळायची. 1948 मध्ये अ‍ॅबनर मिक्वा नावाचा विद्यार्थी, पुढे खासदार आणि जज झाला तो, वॉर्ड ऑफिसात फुकट काम करायला गेला. तिथल्याने विचारलं, तुला कोणी पाठवलं? हा म्हणाला, कोणी नाही. मग उत्तर आलं, कोणी न पाठवलेला कोणी आम्हाला नको. 1969 च्या शॅकमन केसपासून कोर्टाने ह्या वशिल्याच्या नोकऱ्यांचे पाय हळूहळू कापले. पण लोकांना काम लागतं हे मशीनवाले, म्हणजे ही मतांची यंत्रणा चालवणारे, ओळखून होते, आणि ते चुकलं की काय होतं बघ, 1979 मध्ये बर्फ वेळेवर उचलला नाही म्हणून मेयर बिलँडिक प्रायमरीतच, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीतच, पडला, बर्फामुळे!

दुकानाचं म्हणशील तर, लीजवर सही करण्याआधी त्या जागेचं झोनिंग, म्हणजे तिथे कुठला धंदा चालतो ते, बघ. 2019 मध्ये लोरी लाइटफूटने मेयर झाल्या दिवशीच लायसन्स-परमिटमधली ऑल्डरमनची लुडबुड बंद करायची ऑर्डर काढली, पण झोनिंग बदलायचं तर त्याचा शब्द अजून चालतो. वॉर्ड ऑफिसात बिनधास्त जा, कचऱ्याचा डबा, खड्डा, झाडाची फांदी ह्यासाठी लोक जातातच, त्यात वशिला वगैरे काही नाही. इन्स्पेक्टरला मात्र चहापाण्याचं गमतीत पण बोलू नकोस, बाहेरच्या माणसाचं व्हिसाचं सगळं अंगाशी येईल. आणि ग्रीन कार्ड नसेल तर कुठल्याच उमेदवाराला, अगदी ऑल्डरमनच्या इलेक्शनला पण, चेक द्यायचा नाही, तो कायद्यानेच गुन्हा आहे, मंडळातला कोणी कितीही आग्रह करो.

जागा डेव्हनला, म्हणजे शिकागोतल्या देशी दुकानांच्या रस्त्याला, बघतोयस की उपनगरात ते कळव, उपनगरात असेल तर वॉर्डाचं हे अर्धं पुराण तुला लागूच नाही.