आईच्या जुन्या कंबरदुखीवर हॉस्पिटलमध्ये अ‍ॅक्युपंक्चर सुचवलंय. करावं का? (नाशिक)

तुम्ही विचारलंय की आईची कंबर तीन वर्षं दुखतेय, पेन क्लिनिकवाले सुया सुचवतायत, पैसे पाण्यात तर जाणार नाहीत ना? मी डॉक्टर नाही. दिंडोरीकडे आमची द्राक्षबाग आहे. ट्रॅक्टरवर बसून फवारणीचा ब्लोअर मारता मारता माझी कंबर गेली.

नाशिकच्या एका हॉस्पिटलात आधी एमआरआय झाला, फिजिओ झालं, मग आठवड्यातून दोनदा अशी बारा सिटिंग. ही सुई इंजेक्शनसारखी पोकळ नसते, भरीव आणि केसासारखी बारीक असते. टोचताना फारसं कळत नाही, मग तिथे जडजड वाटायला लागतं. वीसेक मिनिटं पालथं पडून राहायचं. पहिल्या तीन वेळा काही म्हणजे काही फरक नाही. चौथ्यानंतर मात्र रात्री सलग झोप लागली, आणि झोप झाली म्हणून फिजिओने दिलेले व्यायाम जमायला लागले. दुखणं निम्म्यावर आलं, गेलं नाही. ऑक्टोबर छाटणीत पुन्हा डोकं वर काढलंच.

हे सुयांमुळेच झालं, असं मात्र मी छातीठोकपणे सांगणार नाही. जर्मनीत कंबरदुखीच्या 1162 रुग्णांवर अभ्यास झाला, तो 2007 मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी, अ‍ॅक्युपंक्चरमध्ये शरीरावर ठरवून दिलेल्या खऱ्या बिंदूंवर सुया घेतलेल्या 47.6 टक्के लोकांना आराम होता. भलत्याच जागी वरवर टोचलेल्यांत 44.2 टक्के! आणि नेहमीची औषधं-व्यायाम घेणाऱ्यांत 27.4. आता बोला. बिंदूंच्या नकाशावर माझा फारसा विश्वास उरला नाही, पण उपयोग होतो हेही त्याच आकड्यांत दिसतं.

म्हणून सहा सिटिंगचेच पैसे भरा, तोवर फरक नसेल तर थांबा. चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका. रक्त पातळ करणारी गोळी असेल तर आधी सांगा. पेसमेकर असेल तर सुयांना करंट लावू देऊ नका. पाय बधिर होत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल तर सुया राहू द्या, थेट डॉक्टर गाठा. महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरचा 2015 चा कायदा आहे, त्यामुळे टोचणाऱ्याचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. सुयांचं पाकीट तुमच्यासमोरच फोडायला लावा.

आणि आईंना उपाशीपोटी नेऊ नका. माझ्या शेजारच्या खाटेवरचे आजोबा चतुर्थी धरून आले होते. पाचव्या सुईला घामाघूम. सिस्टरनी सुया काढल्या आणि उपास मोडून साखरपाणी पाजलं.