नव्या लॅपटॉपवर जुनी विंडोज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : स. न. वि. वि. पंचवटीत माझे डीटीपीचे, म्हणजे संगणकावर छपाईची पाने मांडून देण्याचे, छोटे दुकान आहे. लग्नपत्रिका, दशक्रियेची पत्रे, मंडळांचे अहवाल आणि सिंहस्थानिमित्त निघणारी पत्रके अशी सर्व कामे मी पेजमेकर ७ या पाने मांडण्याच्या जुन्या प्रोग्राममध्ये, जुन्या मराठी फॉण्टांत करतो. फॉण्टच्या सॉफ्टवेअरला डोंगल लागतो, म्हणजे संगणकाला किल्लीसारखे लावायचे छोटे उपकरण, ते नसेल तर सॉफ्टवेअर चालत नाही. विंडोज ७ वर चालणारा जुना संगणक फार संथ झाल्यामुळे नवा लॅपटॉप घेतला. त्यात विंडोज ११ होम आहे. त्यावर डोंगल ओळखला जात नाही आणि पेजमेकर मध्येच बंद पडतो. विंडोज ११ पुसून विंडोज ७ बसवून देण्याची तयारी एका तंत्रज्ञाने दाखवली आहे. टाकून घ्यावी का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : टाकून घेऊ नये. आपली अडचण खरी आहे आणि ती सुटण्यासारखीही आहे, पण लॅपटॉपमधील विंडोज पुसल्याने ती सुटणार नाही, उलट दुकानातील एकमेव नवे यंत्र अर्धवट अवस्थेत अडकून पडेल.

विंडोज ७ ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. नव्या, जलद यूएसबी ३ पोर्टांसाठी लागणारे ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला यंत्राचा एखादा भाग चालवता यावा म्हणून लागणारे छोटे प्रोग्राम, तिच्या मूळ संचात नाहीत, त्यामुळे आजच्या लॅपटॉपवर ती पेनड्राइव्हवरून टाकायला घेतली की पहिल्याच पडद्यावर कीबोर्ड आणि माउस निकामी होतात किंवा ड्रायव्हर सापडत नसल्याचा संदेश येऊन काम थांबते. नव्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्कऐवजी एनव्हीएमई या नव्या प्रकारची एसएसडी (चिपांवर माहिती साठवणारी जलद डिस्क) असते आणि तीही मूळ विंडोज ७ ला दिसत नाही. हे दोन्ही ड्रायव्हर बाहेरून जोडून सुधारित संच तयार करता येतो, आणि आपले तंत्रज्ञ बहुधा तेच करणार असतील. खरी अडचण त्यापुढे आहे. विंडोज ७ पडद्यावर चित्र उमटवण्यासाठी जुन्या बायोसच्या (संगणक सुरू होताना आधी चालणाऱ्या अंगभूत प्रोग्रामच्या) सोयीवर अवलंबून असते, आणि ती सोय पुरवणारा सुसंगततेचा पर्याय अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांतून काढून टाकलेला आहे, म्हणून सिक्युअर बूट (केवळ प्रमाणित विंडोजच सुरू होऊ देणारी सोय) बंद केले तरी अनेकदा सुरुवातीच्या चिन्हावरच सर्व काही थिजते.

समजा, त्यातूनही विंडोज ७ बसली, तरी प्रोसेसरमध्येच असलेल्या ग्राफिक्सचा ड्रायव्हर मिळणार नाही. इंटेलने आपल्या सहाव्या पिढीनंतरच्या अंगभूत ग्राफिक्ससाठी विंडोज ७ चे ड्रायव्हर दिले नाहीत, आणि मायक्रोसॉफ्टने तर जानेवारी २०१६ मध्येच जाहीर केले होते की पुढील पिढ्यांचे प्रोसेसर त्या वेळच्या नवीनतम विंडोजवरच समर्थित राहतील. ड्रायव्हर नसेल तर पडद्याचे रिझोल्यूशन चुकते, प्रकाश कमी-जास्त होत नाही आणि पान सरकवताना रेषा तुटतात. वाय-फाय, ध्वनी आणि बॅटरीचे नियोजन यांचीही तीच गत होते. दिवसभर पडद्यावर मात्रा, रफार आणि अनुस्वार न्याहाळणाऱ्या माणसाला असा पडदा चालणार नाही, हे आपणच माझ्यापेक्षा अधिक जाणता.

सुरक्षिततेचा मुद्दाही डीटीपीच्या दुकानाला इतरांपेक्षा जास्त लागू होतो. विंडोज ७ ची सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ जानेवारी २०२० रोजी थांबली. आपल्याकडे दिवसभर अनोळखी पेनड्राइव्ह येतात आणि ईमेलवरून मजकूर उतरवून घ्यावा लागतो. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला रोखणारे अद्यतन दोन महिने आधीच उपलब्ध झालेले होते, आणि तरीही ज्या यंत्रांवर ते टाकलेले नव्हते त्यांच्या फाइली कुलूपबंद झाल्या. त्यांत विंडोज ७ ची यंत्रे सर्वाधिक होती. ज्या विंडोजला आता अद्यतनेच मिळत नाहीत, तिच्यावर ग्राहकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली ठेवून इंटरनेट जोडणे मला योग्य वाटत नाही.

आता उपाय. आपल्याला मुळात हवा आहे तो पेजमेकर आणि त्याचे फॉण्ट चालतील असा एक कोपरा, आणि तो नव्या लॅपटॉपच्या आतच तयार करता येतो. व्हर्च्युअलबॉक्स या मोफत सॉफ्टवेअरने विंडोज ११ च्या आत एक आभासी संगणक उभा राहतो व त्यात विंडोज ७ टाकता येते. हा आभासी संगणक विंडोज ७ ला ओळखीचीच यंत्रसामग्री दाखवतो, त्यामुळे वर सांगितलेल्या ड्रायव्हरच्या अडचणी बहुतेक उरत नाहीत. त्यासाठी आधी लॅपटॉपच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनचा पर्याय सुरू आहे ना, ते पाहावे. आभासी संगणकाला २ जीबी मेमरी आणि सुमारे ४० जीबी जागा दिली तर पेजमेकरसाठी ते पुरते, मात्र लॅपटॉपची स्वतःची मेमरी किमान ८ जीबी असावी. आत विंडोज ७ ची ३२-बिट आवृत्तीच टाकावी, कारण त्या काळातील काही प्रोग्राम स्वतः ३२-बिट असले तरी त्यांचा इन्स्टॉलर १६-बिट असतो, आणि १६-बिट प्रोग्राम कोणत्याही ६४-बिट विंडोजवर सुरूच होत नाही. विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

आभासी संगणकाचे इंटरनेट बंद ठेवावे आणि दोन्ही बाजूंना दिसेल असा एक सामाईक फोल्डर तेवढा उघडा ठेवावा. पान आत लावायचे, फॉण्टसह पीडीएफ करून त्या फोल्डरमध्ये टाकायचे आणि छपाईला पाठवण्याचे काम बाहेरच्या विंडोज ११ मधून करायचे, अशी घडी बसते. संपूर्ण आभासी संगणक काही फाइलींच्या रूपात असतो, त्यामुळे एकदा सर्व फॉण्ट बसवून झाले की त्याची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर काढून ठेवता येते. पुढे कधी बिघाड झाला तर ती प्रत उघडली की काम पूर्ववत सुरू होते, आणि ही सोय आपल्या जुन्या संगणकावर कधीच नव्हती.

परवान्याविषयी एक गोष्ट. विंडोज ७ आपण स्वतंत्र खोक्यातून विकत घेतलेली असेल तर ती जुन्या संगणकावरून काढून आभासी संगणकात नेता येते, परंतु ती जुन्या संगणकासोबतच आलेली असेल तर तिचा परवाना त्याच यंत्राशी बांधलेला असतो.

डोंगलचा प्रकार आपण कळवलेला नाही, आणि सर्व काही त्यावरच ठरणार आहे. डोंगल यूएसबीचा असेल तर व्हर्च्युअलबॉक्सच्या डिव्हायसेस या मेन्यूतून तो आभासी संगणकाच्या ताब्यात देता येतो आणि आतल्या विंडोज ७ ला तो पूर्वीसारखाच दिसतो. तो जर प्रिंटरच्या रुंद, पंचवीस पिनांच्या पोर्टला लावायचा असेल, तर नव्या लॅपटॉपला ते पोर्टच नसते. बाजारात मिळणारी यूएसबी ते पॅरलल केबल प्रिंटरसाठी बनवलेली असते, तिच्यावर असे डोंगल सहसा चालत नाहीत, म्हणून त्यात पैसे घालू नयेत. फॉण्ट बनवणाऱ्या कंपनीकडे जुना डोंगल जमा करून यूएसबीचा मिळतो का, याची आधी चौकशी करावी.

तोपर्यंत जुना संगणक भंगारात देऊ नये. संगणक संथ होतो तेव्हा पुष्कळदा दोष त्याच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी साटा प्रकारची छोटी एसएसडी बसवून जुन्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल तिच्यावर उतरवली, तर विंडोज, फॉण्ट आणि डोंगल सर्व तसेच राहून यंत्राला वेग येतो. इंटरनेटची तार काढून ते यंत्र केवळ पेजमेकरसाठी ठेवावे. पॅरलल डोंगल असेल तर माझ्या मते हाच पहिला मार्ग आहे.

मात्र नवी कामे तरी आता युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, सुरू करावीत, असा माझा आग्रह आहे. जुन्या मराठी फॉण्टांत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, म्हणून फॉण्ट नसलेल्या यंत्रावर तोच मजकूर अर्थहीन खुणांसारखा दिसतो. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. पेजमेकरला ती समजत नाही, पण पाने मांडण्याच्याच इनडिझाइन या प्रोग्रामला आणि मोफत मिळणाऱ्या स्क्रायबस १.६ ला समजते. ग्राहक पत्रिकेचा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात तो युनिकोडमध्येच असतो, आणि आज तो आपल्याला पुन्हा टंकित करावा लागत असणार. ते श्रम वाचतील आणि नावांतील चुकाही कमी होतील. जुन्या फाइली मात्र सगळ्या एकदम रूपांतरित करण्याच्या फंदात पडू नये. रूपांतर करणारी साधने रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे यांत गोंधळ करतात, तेव्हा जी पत्रिका पुन्हा मागितली जाईल तीच रूपांतरित करावी आणि छपाईपूर्वी ओळ न् ओळ वाचावी.

प्रश्न : सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे वर्कशॉप आहे. मोजमापाचे एक यंत्र सिरियल पोर्टला यूएसबी केबल लावून संगणकाशी जोडतो. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज ११ प्रो आहे आणि त्यावर ही केबल चालत नाही. विंडोज १० वर चालत होती. विंडोज १० टाकणे सोयीचे ठरेल का?

उत्तर : आधी केबल तपासावी. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या पोर्टपाशी पिवळे चिन्ह दिसत असेल आणि विंडोज ११ चा आधार नसल्याचा संदेश येत असेल, तर दोष केबलमधील जुन्या चिपचा आहे, कारण अशा काही चिपांना नव्या ड्रायव्हरमधून वगळण्यात आले आहे. एफटीडीआय या कंपनीची अस्सल चिप असलेली नवी केबल घ्यावी, पोर्टचा क्रमांक जुन्या सॉफ्टवेअरमध्ये होता तोच ठेवावा आणि मग यंत्र जोडून पाहावे. आपले काम बहुतेक येथेच संपेल.

तरीही यंत्राच्या सॉफ्टवेअरलाच विंडोज १० हवी असेल, तर लॅपटॉपसोबत आलेल्या विंडोज ११ प्रोच्या परवान्यात विंडोज १० प्रो वापरण्याचा हक्क असतो. होम आवृत्तीला तो नाही. त्याआधी लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर आपल्या मॉडेलसाठी विंडोज १० चे ड्रायव्हर आहेत का ते पाहावे, आणि नसतील तर विचार सोडून द्यावा. असतील तर ३२ जीबीच्या पेनड्राइव्हवर मूळ विंडोजचा रिकव्हरी ड्राइव्ह करून ठेवावा. लॅपटॉपची डिस्क बिटलॉकर या विंडोजमधील सोयीने कूटबद्ध (कुलूपबंद) असू शकते, म्हणून त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. ती सहसा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जतन झालेली असते. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या पुष्कळ लॅपटॉपांत विंडोज टाकताना डिस्कच दिसत नाही. तेव्हा घाबरून न जाता इंटेलचा साठवणुकीचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून लोड करावा. बाराव्या पिढीपासून प्रोसेसरमध्ये जलद आणि काटकसरी असे दोन प्रकारचे गाभे असतात आणि त्यांच्यात कामाची वाटणी विंडोज ११ अधिक चांगली करते, त्यामुळे त्याच लॅपटॉपवर विंडोज १० थोडी मंद वाटू शकते.

प्रश्न : मी विद्यार्थिनी आहे. नव्या लॅपटॉपमधील विंडोज ११ ची मांडणी मला रुचत नाही. विंडोज १० परत मिळेल का?

उत्तर : केवळ मांडणीसाठी मागे जाऊ नये. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि घरगुती वापरकर्त्यांसाठी नोंदणी करून मिळणाऱ्या वाढीव सुरक्षा अद्यतनांची पहिली मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच ठरली होती. सेटिंग्जमध्ये पर्सनलायझेशन, त्यात टास्कबार आणि त्याखालील बिहेवियर्समध्ये जाऊन मांडणी डावीकडे करावी, म्हणजे स्टार्टचे बटण पूर्वीच्या जागी येते. पूर्वीच्या विंडोजकडे परत जाण्याचे जे बटण सेटिंग्जमध्ये सांगितले जाते, ते जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढवल्यानंतर पहिले दहा दिवसच चालते. विंडोज ११ सह विकत घेतलेल्या आपल्या लॅपटॉपवर ते उपयोगाचे नाही.