वाचक विचारतात : पाच गोल मारले तरी जिंकले नाहीत?

प्रश्न (दादर) : सकाळच्या फास्ट लोकलमध्ये आमचा ठरलेला ग्रुप आहे. माझा भाचा डब्लिनला असतो, त्याने तिकडच्या, म्हणजे आयर्लंडच्या, हर्लिंग नावाच्या काठी-बॉलच्या खेळाचे जुने स्कोअर पाठवले. १९५९ ची फायनल, वॉटरफर्ड १-१७, किल्केनी ५-५. मी म्हटलं पाच गोल म्हणजे किल्केनीच जिंकली असणार, शेजारचा म्हणतो सतरा मोठे की पाच? सहा वडापावची पैज लागलीय आणि भाचा नुसता हसायचा इमोजी पाठवतोय. कोण बरोबर?

उत्तर : दोघंही चूक, वडापाव इकडे पाठवा. अहो, मॅच बरोबरीत सुटली होती! हर्लिंगमध्ये गोलपोस्ट इंग्रजी एच अक्षरासारखा असतो, आडव्या दांडीखालून बॉल जाळ्यात गेला तर गोल आणि दांडीवरून गेला तर पॉइंट, एक गोल म्हणजे तीन पॉइंट. स्कोअर लिहिताना डावीकडे गोल, उजवीकडे पॉइंट. आता करा हिशोब, १-१७ म्हणजे तीन अधिक सतरा, वीस. ५-५ म्हणजे पंधरा अधिक पाच, वीस. म्हणून पुन्हा मॅच घेतली आणि ती वॉटरफर्डने ३-१२ विरुद्ध १-१० अशी मारली. म्हणजे शेवटी तुमच्या शेजाऱ्याची टीम जिंकली, पण हे त्याला सांगायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न (तेच वाचक) : भाचा असंही म्हणतो की १९५६ ची फायनल पोलिओमुळे पुढे ढकलली होती. थापा मारतोय का?

उत्तर : नाही हो, पोरगा खरं बोलतोय. आणि सीझन असा निवडलाय की मला आता थांबवू नका.

तेव्हा ही चॅम्पियनशिप साधारण नॉकआउटच होती, एक मॅच हरलात की वर्ष संपलं. आपल्याकडे जिल्हे तसे तिकडे परगणे, प्रत्येकाची पंधरा जणांची टीम, आधी आपापल्या प्रांतात जिंकायचं आणि मग डब्लिनच्या क्रोक पार्कवर फायनल, तीही नेहमी सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी. १९५६ ला कॉर्क शहरात पोलिओची साथ आली. कॉर्क फायनलमध्ये, म्हणजे तिथली हजारो माणसं गाड्या भरभरून डब्लिनला येणार आणि सगळं शहर खांद्याला खांदा लावून उभं राहणार, आणि हा आजार तर पोरांना गाठणारा. मग फायनल २३ सप्टेंबरला ढकलली. त्या वर्षी त्यांच्या गेलिक फुटबॉलच्या (सॉकर नव्हे, त्यांचा स्वतःचा वेगळा फुटबॉल) फायनलमध्येही कॉर्कच होतं, तीसुद्धा ऑक्टोबरात गेली. दोन बूंद जिंदगी के ऐकत मोठ्या झालेल्या आपल्या पोरांना ही भीती कळणार नाही, पण घरातल्या आजीला विचारा.

आणि वाट बघायची ती कशाची, तर क्रिस्टी रिंगची. कॉर्कचा हा माणूस तोपर्यंत आठ वेळा चॅम्पियन झालेला, नववं मेडल कोणाकडेच नव्हतं. वय ३५. प्रांताच्या फायनलमध्ये लिमरिक पुढे होतं तर यानेच शेवटी शेवटी तीन गोल ठोकून मॅच ओढून आणली, त्यामुळे समोर कितीही आघाडी असली तरी रिंग मैदानात आहे तोवर कोणी श्वास सोडत नसे.

समोर वेक्सफर्ड. यांनी १९१० नंतर थेट १९५५ ला कप जिंकलेला, मधली ४५ वर्षं कोरडी. १९५४ ला याच कॉर्ककडून फायनलमध्ये तीन पॉइंटने हरलेले, तेव्हा ८४,८५६ माणसं होती, म्हणजे आपली अडीच वानखेडे. १९५६ ला पण ८३,०९६ आले, साथ असूनसुद्धा.

मॅच शेवटच्या मिनिटांत आली, वेक्सफर्डची आघाडी इतकी थोडी की एक गोल पडला की कॉर्क पुढे. आणि बॉल नेमका रिंगकडे. त्याने जवळून हाणला, आणि गोलकीपर आर्ट फॉली, अंगाने बुटकासा माणूस, त्याने तो अडवला! तिथून बॉल थेट दुसऱ्या टोकाला आणि निकी रॅकार्डने गोल. संपलं. २-१४ विरुद्ध २-८, म्हणजे वीस विरुद्ध चौदा, आता तुम्हाला हिशोब येतो.

खरी गंमत पुढे. शिट्टी वाजल्यावर वेक्सफर्डच्या बॉबी रॅकार्ड आणि निक ओ'डॉनेल यांनी कप-बिप बाजूला ठेवून आधी हरलेल्या रिंगला खांद्यावर उचलून बाहेर नेलं. या दोघांचं काम दिवसभर गोलसमोर उभं राहून रिंग आणि कंपनीला अडवायचं होतं, हे लक्षात घ्या. नववं मेडल रिंगला पुढेही कधी मिळालं नाही.

आणि भाच्याला हेही विचारा, १९४१ माहीतेय का? त्या वर्षी जनावरांना लाळ्या-खुरकूत आला, टिपररी आणि किल्केनीवाल्यांना खेळताच येईना, मग मधल्या मॅचेस सोडून कॉर्क आणि डब्लिनची फायनल उरकली आणि कॉर्कने ती आरामात मारली. रोग ओसरल्यावर राहिलेली प्रांताची फायनल खेळवली तर तिथे टिपररीने कॉर्कला हरवलं. म्हणजे देशात चॅम्पियन आणि स्वतःच्या प्रांतात पडलेले. रिंगच्या आठ मेडलांपैकी पहिलं ते हेच.

प्रश्न (लालबाग) : एवढी गर्दी म्हणजे खेळाडूंना पैसे भरपूर मिळत असतील? आमचे काका मिलच्या टीममधून कबड्डी खेळायचे, त्यांना फक्त नोकरी मिळाली.

उत्तर : यांना नोकरीसुद्धा खेळामुळे मिळेल याची खात्री नाही. खेळ पूर्ण हौशी, आजही तसाच. रिंग तेलाचा टँकर चालवायचा, निकी रॅकार्ड गुराढोरांचा डॉक्टर. सोमवारी सकाळी परत कामावर. आणि हातात अॅश लाकडाची काठी, चामड्याचा कडक बॉल डोक्याच्या उंचीवर, हेल्मेट कोणाच्या ध्यानीमनी नाही, ते सक्तीचं झालं २०१० ला. काकांना सांगा, गुडघेच फुटले, स्वस्तात सुटलात.

प्रश्न (शिवाजी पार्क) : हे लोक क्रिकेट का नाही खेळले?

उत्तर : बंदी होती. हर्लिंग चालवणाऱ्या, १८८४ ला स्थापन झालेल्या त्यांच्या संघटनेचा पुढे नियमच होता की परके खेळ, म्हणजे क्रिकेट, रग्बी, हॉकी, सॉकर खेळाल तर बाहेर. खेळणं सोडा, बघायलाही जायचं नाही! १९३८ ला देशाचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड एका सॉकर मॅचला पाहुणे म्हणून गेले तर यांनी त्यांचं मानाचं आश्रयदातेपद काढून घेतलं. बंदी उठली १९७१ ला, म्हणजे आपला वाडेकर वेस्ट इंडीज आणि इंग्लंड दोन्ही जिंकून आला त्याच वर्षी.